हत्यारपेटी : पहिला वाकडा तुकडा कधी पडला?



गेल्या महिन्यात आपण घरच्या ड्रिल मशीनबद्दल बोललो. या महिन्याचं हत्यार जरा वेगळं आहे. आपल्या मराठीत हत्यार म्हणजे कानस, हातोडी, पान्हा, आणि हत्यार म्हणजे तलवार-बंदूकही. वर्कशॉपमध्ये आम्ही "हत्यारं आण रे" म्हणालो तर कोणी दचकत नाही. पण आज ज्या वस्तूबद्दल लिहितोय, ती या दोन अर्थांच्या मधोमध उभी आहे. ती विकत घ्यावी की नाही, घेतली तर कोणती, हा प्रश्न मला माझ्याच घरातून आला, म्हणून लिहायचं धाडस करतोय.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. विद्यानगरच्या घरी आम्ही दोघंच. फराळ झाला, आणि टेक्सासहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यापासून मोठ्या खरेदीआधी तो मला विचारतो: गाडी, घर, वॉशिंग मशीनसुद्धा. त्या दिवशी म्हणाला, "काका, तुम्ही आयुष्यभर प्रेसवर काम केलंत. मला घरी एक प्रेस घ्यायचाय. कोणता घेऊ?"

मला वाटलं, काजू किंवा ऑलिव्ह दाबायचा काही प्रकार असेल. तो म्हणाला, "काडतुसं भरायचा."

आमच्या सौ.च्या हातातली चकली तशीच राहिली.

आधी त्याची बाजू सांगतो. डॅलसजवळ राहतो, कंपनीतल्या मित्रांमुळे चार वर्षांपासून नेमबाजीच्या क्लबात जातो. कागदाच्या लक्ष्यावर, रिव्हॉल्व्हरने. शिकार नाही, दिखावा नाही. तिथे स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरायला परवाना लागत नाही. विकायची असतील तर मात्र केंद्र सरकारचा परवाना लागतो. क्लबातले निम्मे लोक संध्याकाळी गॅरेजमध्ये बसून हेच करतात, जसं आपल्याकडे कोणी पतंगाचा मांजा घरी सुततो. त्याला यात दोन गोष्टी हव्या होत्या: खर्च कमी आणि प्रत्येक काडतूस सारखं.

"सारखं" हा शब्द ऐकला आणि माझ्यातला टूलरूमवाला जागा झाला. विरोध बाजूला ठेवून मी म्हणालो, "सांग बाबा, हे यंत्र करतं तरी काय?"

पुंगळीचं पुनर्जन्म-शास्त्र

काडतुसाचे चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात ठिणगी देणारी छोटी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडावर गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर संपतो. पुंगळी मात्र हातात उरते. पोलिसांच्या बातमीत "घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या" असं वाचता, तीच ही. चौघांत महागाची तीच, म्हणून ती पुन्हा वापरायची.

बार उडताना पुंगळी फुगते. तिला मूळ मापात दाबून आणायचं, जुना प्रायमर ढकलून काढायचा, नवा बसवायचा, तोंड किंचित उमलवायचं, मोजून दारू घालायची, गोळी बसवायची, तोंड आवळायचं. दाबायची, ढकलायची, आवळायची ही सगळी कामं प्रेसची. खाली रॅम, वर डाय, बाजूला दांडा. म्हणजे आमच्या कारखान्यातल्या हँड प्रेसचाच लहान भाऊ.

पितळेशी तर आमचं जुनं नातं. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त या मिश्रणाला जगभर 'कार्ट्रिज ब्रास' म्हणतात, कारण ते खोलवर ओढलं तरी फाटत नाही. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आणि भुसावळजवळच्या वरणगावचा १९६४ चा. अशा कारखान्यांत पितळेच्या चकतीची वाटी होते, वाटी प्रेसवर टप्प्याटप्प्याने ओढत पुंगळी होते, आणि मधूनमधून ती भट्टीत तापवून मऊ करावी लागते. पुण्याच्या तांबट आळीत हंडा ठोकणारा कारागीरही तेच करतो. ठोकून धातू ताठरला की पुन्हा तापवतो, नाहीतर तडकतो. पुतण्याच्या पुंगळ्याही काही वेळा वापरल्यावर तोंडाशी तडकतात. तडकलेली टाकून द्यायची. तिथे काटकसर नाही.

तीन तऱ्हा

त्याने मला तीन तऱ्हांचे प्रेस दाखवले.

पहिला एकटप्पी, त्यांच्या भाषेत सिंगल स्टेज. एका वेळी एकच डाय. पन्नास पुंगळ्या आधी दाबून घ्यायच्या, मग डाय बदलायची, मग त्याच पन्नासांची तोंडं उमलवायची, असं पुढे. तासाला सगळं धरून साधारण ५० काडतुसं.

दुसरा टरेट. वर फिरती चकती, तिच्यात तीन-चार डाय कायमच्या लावलेल्या. दांडा ओढला, चकती फिरवली, पुढची डाय आली. डाय बदलायचा वेळ वाचतो. तासाला दीडशेच्या आसपास.

तिसरा प्रोग्रेसिव्ह. यात खालची ताटली फिरते आणि चार-पाच पुंगळ्या वेगवेगळ्या टप्प्यांवर एकाच वेळी असतात. दांडा एकदा ओढला की एकीचं माप होतं, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते. बसल्या बसल्या दर दांड्याला एक तयार काडतूस. तासाला ४०० च्या पुढेही जातं. किंमत पहिल्याच्या कितीतरी पट.

पुतण्याचं मन तिसऱ्यावर. दिवाळीच्या सुमारास तिकडे सेल असतो, म्हणून घाईही होती. "काका, घ्यायचा तर एकदाच चांगला घ्यावा ना?"

हे वाक्य मी आयुष्यात शंभर जणांकडून ऐकलंय. मिक्सर घेताना, शिलाई मशीन घेताना. 'चांगला' म्हणजे 'जास्त वेगाचा' असं आपण मनाशी धरून बसतो. म्हणून मी विचारलं, "महिन्याला किती लागतात तुला?"

"दोनशे. फार तर अडीचशे."

"म्हणजे तुझं महिन्याचं काम हे यंत्र अर्ध्या तासात संपवणार. उरलेला महिना त्याच्यावर कापड घालून ठेवणार?"

तो हसला, पण मनातून हलला नाही. मग मला २५ जून १९८३ ची रात्र सांगावी लागली.

ती रात्र

तरुण मंडळींना तारीख वेगळ्या कारणाने माहीत असेल. मी तेव्हा २४ वर्षांचा, या शहरातल्या एका कारखान्यात प्रेसवर रात्रपाळीला. आमच्याकडे प्रोग्रेसिव्ह टूल होतं. पितळेची पट्टी आत सरकते. पहिल्या ठोक्याला भोक, दुसऱ्याला घडी, तिसऱ्याला तुकडा कापून खाली. तीन कामं एकाच ठोक्यात. बघायला फार सुंदर.

कोपऱ्यात ट्रान्झिस्टर लावलेला. लॉर्ड्सवर आपली सगळी टीम १८३ वर आटोपलेली, पुढे वेस्ट इंडिज. रिचर्ड्स मारत सुटला होता. मग कपिलने पळत जाऊन त्याचा झेल घेतला आणि आम्ही सगळे ओरडलो. प्रेस चालूच होता. त्या गडबडीत कधीतरी पट्टी केसभर सरकली. यंत्राला काय कळणार? ते ठोकत राहिलं. तुकडे पेटीत पडत राहिले, वरून अगदी चकचकीत.

सकाळी तपासणीत एक हजाराहून जास्त तुकडे बाद. भोक जागेवर नाही. फोरमन रागावले नाहीत. पेटीतून दोन तुकडे उचलून टेबलावर ठेवले, एक सरळ, एक वाकडा, आणि मला विचारलं, "पहिला वाकडा तुकडा कधी पडला?"

मला सांगता आलं नाही. देश विश्वविजेता झाला त्या सकाळी मी मान खाली घालून पेटी निवडत बसलो होतो.

त्यांनी पुढे एवढंच म्हटलं की यंत्र चुकतंच, माणूसही चुकतो. पण चूक कधी झाली ते ज्याला सांगता येत नाही त्याला सगळी पेटी टाकावी लागते.

हे सांगून मी पुतण्याला म्हणालो, "माझे तुकडे भंगारात गेले. तुझा तुकडा तुझ्या तोंडासमोर हातभर अंतरावर फुटणार आहे. तू मला सांग, चूक झाली तर कोणत्या यंत्रावर ती तुला दिसेल?"

चूक लपते कुठे

आता यातली खरी मेख. पुतण्याचं रिव्हॉल्व्हर .३८ स्पेशलचं. हे काडतूस १८९८ चं, काळ्या दारूच्या जमान्यातलं. काळी दारू ढीगभर लागायची, म्हणून पुंगळी लांब केली. आजची धूररहित दारू तेवढ्याच कामाला फार थोडी लागते. म्हणजे पुंगळी बरीचशी रिकामीच राहते. चुकून दोनदा दारू पडली तरी ती आरामात मावते, गोळी नीट बसते आणि बाहेरून काडतूस शेजाऱ्यासारखंच दिसतं. उडवल्यावर मात्र रिव्हॉल्व्हर फुटू शकतं. उलट दारू पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरी झाडली तर तोच अनर्थ.

प्रोग्रेसिव्ह यंत्र वाईट नाही. जाणत्या माणसाच्या हातात, तपासणीची सोय लावून, ते उत्तम चालतं. पण त्यावर एका दांड्यात चार गोष्टी घडतात आणि नवख्याचं लक्ष एका जागी असतं. मधेच काही अडकलं, दांडा अर्ध्यावर थांबला, पुन्हा ओढला, की या पुंगळीत दारू पडली होती की नव्हती हे आठवावं लागतं. आठवणीवर दारू मोजायची नसते.

एकटप्पी प्रेसवर पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या पन्नास भोकांत उभ्या राहतात. सगळ्यांत दारू घालून झाली की वरून दिवा धरायचा आणि ओळीने पाहायचं. पन्नासांत एक उंच किंवा एक रिकामी असेल तर डोळ्याला खुपते, जशी पंगतीत एकाच पानात दोन जिलब्या दिसाव्यात तशी. दिसली की मगच गोळ्या बसवायच्या.

म्हणून माझा सल्ला ठरला: एकटप्पी. वेग कमी आहे हाच त्याचा गुण.

प्रेस कसा पारखावा

एकटप्पीतही दहा प्रकार. मी त्याला आमच्या पद्धतीने पारखायला सांगितलं.

चौकट आधी पाहा. काही प्रेस पुढून उघडे, इंग्रजी सी अक्षरासारखे. काही चारी बाजूंनी बंद, ओ सारखे. उघड्यात हात घालायला सोपं, पण दाब आला की जबडा किंचित उघडतो. बंद चौकट तेवढी ताणली जात नाही. ओतीव लोखंडाची बंद चौकट तुझ्या नातवालाही पुरेल.

रॅम हलवून पाहा. वर-खाली लोण्यासारखा, बाजूला अजिबात नाही. रॅम डुलला तर गोळी तिरकी बसते.

डायचे आटे प्रमाणित हवेत. तिकडे सात अष्टमांश इंच, १४ आटे हे माप बहुतेक सगळे पाळतात, त्यामुळे एका कंपनीची डाय दुसऱ्याच्या प्रेसवर चढते. ज्या यंत्राला फक्त त्याच कंपनीचे भाग लागतात, ते घेताना दहादा विचार कर.

जुने प्रायमर कुठे पडतात ते विचार. त्यांच्या राखेत शिसं असतं. ते नळीतून डब्यात पडायला हवेत, जमिनीवर नाहीत.

आणि शेवटी, टेबल. हजार डॉलरचा प्रेस डगमगत्या टेबलावर लावला तर तो डगमगता प्रेसच. टेबल भिंतीला बोल्टने बांध.

त्याने शेवटी घेतला तो आरसीबीएसचा 'रॉक चकर', बंद चौकटीचा. कंपनीची कथा मला आवडली. आरसीबीएस म्हणजे रॉक चक बुलेट स्वेज. रॉक चक हा तिकडचा खारीच्या कुळातला डोंगरी प्राणी. महायुद्धात गोळ्या मिळेनात, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टनने १९४३ साली रिकाम्या पॉइंट टूटूच्या पुंगळ्यांतून गोळ्यांची आवरणं दाबायच्या डाय बनवल्या. त्याच १९४३ साली आपल्या सिकंदराबादेत प्रागा टूल्सची स्थापना झाली. इथे मोठमोठी मशीन टूल्स, तिथे गॅरेजातला छोटा प्रेस. लोखंडाची भाषा एकच.

सूनबाईंचा फोन

दोन दिवसांनी सूनबाईंचा वेगळा फोन आला, तो घरी नसताना. "काका, तुम्ही प्रेस कोणता ते सांगितलंत. घरात असावा का, ते कुणीच विचारलं नाही. नात पाच वर्षांची आहे तुमची."

मी गप्प झालो. खरं होतं. रॅम, आटे, चौकट यात मी इतका रमलो की घर विसरलो. हत्यार निवडताना पहिला प्रश्न ते कुठे राहणार आणि भोवती कोण असणार हा असायला हवा होता. तिची माफी मागितली आणि म्हणालो, "तू अटी घाल. मी तुझ्या बाजूने बोलतो."

तिने घातलेल्या अटी मी जशाच्या तशा देतो, कारण माझ्या पारखण्यापेक्षा त्या मोलाच्या आहेत.

काम गॅरेजच्या बंद खोलीत, स्वयंपाकघरात कधीच नाही. दारू आणि प्रायमर मूळ डब्यांतच, वेगवेगळ्या कुलूपबंद कपाटांत, थोडेच, किल्ली दोघांकडेच. टेबलावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा, म्हणजे अदलाबदल नको. फोन खोलीबाहेर. दमून आला असेल त्या दिवशी नाही, आणि एक घोट घेतला असेल त्या दिवशी तर नाहीच. ("एका वेळी एकच दारू," असं मी म्हणालो, ती हसली, तेव्हा जरा हायसं वाटलं.) दारूचं माप फक्त छापील पुस्तकातलं, मित्राच्या सांगण्यावरून नाही. भरलेलं काडतूस कोणालाही द्यायचं नाही. आणि बाहेर आल्यावर साबणाने हात धुऊन, कपडे बदलल्याशिवाय मुलीला जवळ घ्यायचं नाही, कारण शिसं लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात जास्त बाधतं.

पुतण्याने सगळ्या मान्य केल्या. मी त्याला पन्नास भोकांच्या ठोकळ्याचं ड्रॉइंग काढून पाठवलं. त्याने तिथल्या मेपलच्या लाकडात स्वतः भोकं पाडली.

पंगतीतली जिलबी

पुढच्या मार्चमधे एका पहाटे, म्हणजे त्याच्या संध्याकाळी, त्याचा फोन. आवाज बारीक.

"काका, सापडलं एक."

दारू घालून झाली होती. दिवा धरला. तिसऱ्या ओळीत एक पुंगळी उंच. वजन केलं, बरोबर दुप्पट.

मी फोरमनचा प्रश्न विचारला. "कधी झालं?"

तो लगेच म्हणाला, "दारावर कुरिअरवाला आला तेव्हा. मी उठलो, परत येऊन त्याच भोकापासून सुरुवात केली."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. चाळीस वर्षांपूर्वी मला जे सांगता आलं नव्हतं ते या पोराला सांगता आलं. त्याने पन्नासही पुंगळ्या रिकाम्या केल्या, त्या दिवशीचं काम बंद केलं, आणि सूनबाईंना स्वतःहून सांगितलं. तेव्हापासून एक नियम वाढला: मधे उठलास तर सगळा ठोकळा रिकामा.

वेगवान यंत्रावर हे झालं असतं तर त्याने पकडलं असतं का? कदाचित. पण 'कदाचित' हे माप प्रेसला चालत नाही.

कंटेनरमधे टाकू का?

या वर्षी ते सगळे कायमचे हैदराबादला परत आले. सामानाची यादी करताना त्याने विचारलं, "काका, प्रेस पण कंटेनरमधे टाकू? नुसतं लोखंड तर आहे."

मलाही आधी तसंच वाटलं. मग मी १९५९ चा शस्त्र कायदा उघडला. मी वकील नाही, पण व्याख्या वाचता येतात. दुसऱ्या कलमात 'दारूगोळा' म्हणजे काय ते दिलंय; त्या यादीत काडतुसाचे सुटे भाग आहेत, आणि दारूगोळा बनवायची यंत्रंही आहेत. म्हणजे टेक्सासात जे गॅरेजमधलं लोखंड, ते विद्यानगरला पोचताच कायद्याच्या भाषेत दारूगोळा. पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय तो बनवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते.

म्हणून या अंकाचे वाचक आणि परदेशातली त्यांची भावंडं यांना स्पष्ट सांगतो: भारतात घरी काडतूस भरण्याचा विचारही नको, आणि परत येताना प्रेस, डाय, प्रायमर तर सोडाच, आठवण म्हणून रिकामी पुंगळी किंवा पुंगळीची किल्लीसाखळीसुद्धा बॅगेत नको. विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसापायी भल्या घरची माणसं पोलीस ठाण्यात जाऊन बसली आहेत.

पुतण्याला वाईट वाटलं. स्वतः पारखून घेतलेलं, चांगलं चाललेलं हत्यार सोडताना वाटतंच. त्याने तो क्लबातल्या एका निवृत्त शिक्षकाला दिला, आणि सोबत दिव्याचा नियमही.

पण छंद सोडायची गरज पडली नाही. हैदराबादेतच वाढलेल्या गगन नारंगने २०१२ साली लंडनला कांस्य मिळवलं ते १० मीटर एअर रायफलमधे, आणि तिच्यात दारू नसतेच, हवेचा दाब आणि ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमधे कांस्य मिळवलं ते ५० मीटर रायफलमधे. तिथलं पॉइंट टूटूचं काडतूस असं असतं की त्याची ठिणगी पुंगळीच्या काठातच भरलेली, त्यामुळे ते पुन्हा भरलंच जात नाही. म्हणजे आपल्या पोरांना ऑलिम्पिकपर्यंत जायला घरी प्रेस लागत नाही. ४.५ मिमी बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत जोराची एअर रायफल घ्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही. तरी ती खेळणं नाही, आणि शिकायचं ते रेंजवर प्रशिक्षकाच्या नजरेखालीच. पुतण्या आता रविवारी हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातल्या रेंजवर जातो. छर्रे हाताळून झाले की हात धुतो. सूनबाईंचा तो नियम इथेही लागू आहे.

मेपलचा तो ठोकळा मात्र कंटेनरमधून आला. लाकूडच ते. नातीने त्यात तिचे रंगीत खडू आणि पेन्सिली उभ्या केल्या आहेत, पन्नास भोकांत पन्नास. परवा तिने मला ओढत नेलं आणि म्हणाली, "आजोबा, एक हरवली." मी विचारलं, "कधी?" ती विचार करून म्हणाली, "शाळेत जायच्या आधी होती."

म्हटलं, बरोबर चाललंय.

तेव्हा मंडळी, घरात कोणतंही यंत्र आणताना दुकानदार तुम्हाला 'तासाला किती' ते सांगेल. तुम्ही दोन प्रश्न आधी विचारा. ते घरात कोणाच्या शेजारी राहणार? आणि माझी चूक झाली तर ते मला दाखवेल की लपवेल? वेगाचं त्यानंतर बघू.

पुढच्या महिन्यात प्रेशर कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. तोपर्यंत आपापल्या कुकरचा व्हॉल्व्ह शेवटचा कधी बदलला, ते आठवून ठेवा.